सहा आइस्क्रीम आणि एक टोपी

"हे लिहिलं म्हणून तिला कुणी ओरडलं नाही?" आज दुपारी भाचीने विचारलं, आणि तो प्रश्न डोक्यातून जाईना.

इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टेनने बारा-तेरा वर्षांची असताना वहीत लिहिलेली गोष्ट तिला सांगत होते. नायिका आईने शिवलेली टोपी घालून घराबाहेर पडते, मिठाईवाल्याकडे सहा आइस्क्रीम खाते, पैसे द्यायला साफ नकार देते, त्यालाच आडवा पाडते आणि चालू लागते. घरी परतून म्हणते, दिवस सार्थकी लागला!

नाहीच ओरडलं कुणी. वडील पाद्री होते, तरी जेनच्या अशा तीन वह्यांपैकी दुसरी त्यांनीच भेट दिलेली. तिसऱ्या वहीत तर त्यांच्या हातची नोंद आहे: एका अगदी लहान मुलीच्या कल्पनेच्या भराऱ्या, पूर्णपणे नव्या शैलीतल्या कथा. बापाने हे लिहून ठेवावं, याचंच मला फार अप्रूप वाटलं.

ती 1817 मध्ये गेली. पुढे तिच्या भाच्याने चरित्रात तिला शांत, सोज्वळ आत्या म्हणून रंगवलं. या दांडगट वह्यांमधला बहुतेक मजकूर मात्र छापून यायला विसावं शतक उजाडलं.

तुमच्या मुलीच्या वहीत मागच्या पानांवर असं काही सापडलं, तर तुम्ही खाली काय लिहाल?