शेपटीवरचा इक ओंकार

त्या दिवशी नागपूरचं विमान दीड तास लेट. कंटाळून मुंबई विमानतळाच्या काचेला नाक लावून उभा होतो, तर समोरून एअर इंडियाचं ड्रीमलाइनर हळूहळू सरकत गेलं. शेपटीवर मोठ्ठं ‘इक ओंकार’, म्हणजे शिखांचं ‘ईश्वर एकच’ सांगणारं चिन्ह! गुरू नानकांच्या ५५०व्या जयंतीनिमित्त रंगवलेलं. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून मुंबई-अमृतसर-लंडन सुरू झालं होतं ना, तेच.

शेजारच्या सरदारजींनी चहाचा कप खाली ठेवला, हात जोडले. विमान दिसेनासं होईपर्यंत तसेच. मग मला म्हणाले, "नामदेवांचे ६१ शबद, म्हणजे पदं, आहेत बरं का गुरू ग्रंथसाहिबात." नांदेडचे निघाले, मराठी माझ्यापेक्षा चोख!

कंपनी तेव्हा सरकारी, डोक्यावर कर्जाचा डोंगर, विकायला काढलेली. रंगकाम मात्र झकास. फोटो काढायला गेलो, तर मोबाइलचं चार्जिंग संपलेलं.