शिल्लक राहिलेला एंटर

वय विचारलं, २१ टाइप केलं, एंटर दाबला. पुढचा प्रश्न आला, ‘आणखी नोंद करायची का? वाय की एन?’ आणि उत्तराची वाट न बघताच प्रोग्रॅम संपला. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे येतंच. काही जण तर कीबोर्डलाच दोष देतात.

एंटर म्हणजे ‘झालं माझं, घे आता’ असा नुसता इशारा, अशी आपली समजूत. सीच्या लेखी तेही एक अक्षरच: न्यूलाइन, म्हणजे नवी ओळ; अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की यादीत १०. म्हणजे इनपुटच्या रांगेत २, १ आणि न्यूलाइन असे तिघे उभे. टाइप केलेलं वाचणारं सीचं फंक्शन, स्कॅनएफ, पडला सांगकाम्या. पर्सेंट डी, म्हणजे ‘पूर्णांक वाच’, म्हटलंत ना, मग त्याने आकडे तेवढे उचलले आणि न्यूलाइन तिथेच सोडली. पाठोपाठ पर्सेंट सी, म्हणजे ‘एक अक्षर वाच’, आला. त्याला कुठलंही एक अक्षर चालतं. समोर न्यूलाइन होतीच, ती घेऊन तो मोकळा.

गंमत म्हणजे पुढेही पर्सेंट डीच असता तर कुणाला पत्ता लागला नसता, कारण तो आकड्याआधीची स्पेस, न्यूलाइन सगळं गिळून टाकतो. म्हणून बेरीज-वजाबाकी सुरळीत पार पडते आणि मेन्यूवाल्या प्रोग्रॅममध्ये बिंग फुटतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये यावर एक रामबाण सांगितला जायचा: एफफ्लश हे फंक्शन चालवून एसटीडीइन, म्हणजे इनपुटची ती रांग, रिकामी करा. टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या निळ्या पडद्यावर तो लागूही पडायचा, म्हणून एका जर्नलमधून दुसऱ्यात उतरत गेला. पण सीच्या प्रमाणित नियमांत एफफ्लश आउटपुटसाठी आहे. एसटीडीइनवर चालवलात तर काय होईल याची हमी नाही. खरा उपाय इतका बारीक की झेरॉक्समध्ये दिसतही नाही: पर्सेंट सीच्या आधी एक स्पेस, ती उरलेली न्यूलाइन गिळते. तीच स्पेस चुकून पर्सेंट डीच्या मागे पडली, तर मात्र एंटर कितीही बडवा, पुढचं काही टाइप होईपर्यंत स्कॅनएफ हलत नाही.

मला विचाराल तर एफगेट्स या फंक्शनने अख्खी ओळ घ्यावी आणि मग निवांत निवडत बसावं. अर्थात तोही न्यूलाइन सोबत आणतोच, ती आपण छाटायची. तिचा परस्पर निकाल लावणारं गेट्स नावाचं एक फंक्शन होतं. पण ओळ किती लांब येऊ द्यायची हेच त्याला सांगता येत नसे. १९८८ साली मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम त्याच फटीतून लोकांच्या मशीनमध्ये घुसला आणि सीच्या २०११च्या प्रमाणित नियमांतून गेट्सची हकालपट्टी झाली.