डीपी का गुणगुणते?

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे, रात्री सगळं शांत झालं की तिचं घुंऽऽऽ चालू. लहानपणी वाटायचं आत करंट पळतोय त्याचा आवाज. खरं तर आतला लोखंडी गाभा चुंबकीय क्षेत्रात किंचित लांब-आखूड होत असतो, मीटरला जेमतेम काही मायक्रॉन, आणि क्षेत्राची दिशा उलटली तरी लांबी तशीच बदलते म्हणून ५० हर्ट्झच्या सप्लायला आवाज १०० हर्ट्झचा. ज्यूलने हे १८४२ मध्येच पकडलं होतं (हो, तोच एनर्जीच्या युनिटवाला).

पण खरी मजा टर्फेनॉल-डी मध्ये, हा मिश्रधातूही चुंबकीय क्षेत्रात असाच लांबतो, पण कितीतरी जास्त. टर्बियम, लोखंड, डिस्प्रोसियम, आणि नावातलं 'नॉल' म्हणजे अमेरिकन नेव्हीची लॅब. मीटरभर दांडी दीडेक मिलिमीटर वाढते, ऐकायला चिल्लर वाटतं पण जोर जबरदस्त, म्हणून सोनारमध्ये (पाण्याखाली आवाजाने शोध घेणारं यंत्र) वापरतात. ठिसूळ मात्र भयंकर, ओढलं की तुटते, त्यामुळे स्प्रिंगने दाबूनच बसवायची. आणि क्षेत्र वाढवत नेलं की दांडी वाढतच जाईल असं नाही हां, आतले डोमेन (चुंबकत्वाचे छोटे छोटे भाग) सगळे वळले की सॅच्युरेशन, मग कितीही अँपियर ओता, दांडीभोवतीची कॉइल तापते फक्त. उलटंही चालतं, दांडी दाबली की चुंबकत्व बदलतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज येतं.