जवारी लावणारा कान

ही गोष्ट 2022 च्या पावसाळ्यातली. मिरजेचे एक काका तंबोरे बनवतात. त्यांची टाटा इंडिगो मरीना गाडी मी, त्यांचा मिस्त्री, सुरुवातीपासून बघतोय. 2007 चं मॉडेल, 1405 सीसीचं टर्बो डिझेल, 2011 ला सेकंडहँड घेतलेलं. लांब डिकीच्या गाड्या आपल्याकडे कधी फारशा चालल्या नाहीत. टाटांनी 1992 ला इस्टेट काढली, 2004 ला मरीना, दोन्ही पुढं बंद झाल्या. पण मागची सीट पाडून गवसणीतला तंबोरा आडवा न्यायला याहून सोयीची गाडी मी तरी बघितली नाही. काकांनी आत कायमची गादीच अंथरलीय, भोपळ्याला धक्का बसू नये म्हणून.

गाडीला पंधरा वर्षं झाली, म्हणून पासिंगला न्यायची होती. एप्रिलपासून आरटीओची फी 600 वरून 5000 झालेली, तरी काकांनी गाडी विकायचा विषयसुद्धा काढला नाही. हीटर प्लग बदलले, ब्रेक केले, धूर तपासला. चावी दिली तरी काका जागचे हलेनात.

"मिस्त्री, हिचा आवाज बदललाय. दोन दिवस झाले, एक बारीक सूर वर चढलाय."

मी बॉनेट उघडून ऐकलं. मला डिझेलची नेहमीची खडखड सोडून काही ऐकू येईना. म्हटलं, अल्टरनेटरचा पट्टा असेल, पावसात ओरडतो.

"पट्टा ओला असला की ओरडतो, वाळला की गप्प होतो. हा इंजिन तापलं की वाढतोय."

ज्या माणसाचं आयुष्य तारेखाली दोरा सरकवत जवारी, म्हणजे तंबोऱ्याची गुंजणारी आस, लावण्यात गेलं, त्याच्याशी आवाजावरून वाद घालायची माझी हिंमत झाली नाही. बाहेरचे पट्टे काढले आणि इंजिन मिनिटभर नुसतं चालवलं. सूर तसाच! आता मलाही ऐकू आला. म्हणजे आवाज टायमिंग बेल्टच्या बाजूचा, इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणाऱ्या आतल्या पट्ट्याचा.

कव्हर काढलं आणि पोटात गोळाच आला. हा पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग हातानं हलत होतं. टायमिंग बेल्टच्या दातांच्या मुळाशी चिरा, एका कडेनं धागे सुटलेले. आधीच्या मालकानं "बेल्ट टाकलाय" असं तोंडी सांगितलं होतं, पावती नव्हती. मीही इतकी वर्षं त्यावर विसंबलो, ही चूक माझीच. धावत्या गाडीत हा बेल्ट तुटला असता तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून हेडचं काम निघालं असतं. आणि काका दुसऱ्या दिवशी दोन तंबोरे घेऊन पुण्याला निघणार होते.

बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही नवे आणले. मार्क जुळवले, क्रँक हातानं दोन फेरे फिरवून पुन्हा तपासले. रात्री साडेनऊला गाडी चालू केली. काका डोळे मिटून बॉनेटजवळ उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "आता लागली."

बॉनेटच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवला: तारीख, किलोमीटर 1,86,400, टायमिंग बेल्ट व टेन्शनर नवीन. त्याखाली सही केली.