नऊ मीटरच्या शिडाच्या बोटीला दिवे बसवताना

मुंबई बंदरात मूरिंगवर (तळाशी कायम पक्क्या केलेल्या बोयाला बांधून) उभ्या असणाऱ्या नऊ मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीचे सगळे नेव्हिगेशन दिवे, म्हणजे रात्री इतरांना आपली बोट आणि तिची दिशा दाखवणारे दिवे, मी बदलले. 'वॉटरप्रूफ' एवढा शब्द वाचून घेतलेला दिवा दोन पावसाळ्यांत बंद पडतो, हे आपल्या किनाऱ्यावर नेहमीचंच आहे. पण खोलून पाहिलं की कळतं, बहुतेक वेळा दिवा धडधाकट असतो. गेलेली असते ती त्याच्या मागची वीतभर तार.

पुलपिटवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या कठड्यावरचा, जुना दिवा काढल्यावर त्याची तार कापून पाहिली. वरचं आवरण नव्यासारखं, आतलं तांबं काळंकुट्ट. चार बोटं मागे कापलं तरी काळंच. जवळजवळ वीतभर मागे गेल्यावर लालसर तांबं दिसलं. खारं पाणी टेपने गुंडाळलेल्या जोडातून आत शिरलं आणि तारेच्या बारीक धाग्यांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, वर चढत गेलं. म्हणून नवीन दिवे निवडताना दिव्याबरोबर त्याची तार कशी बाहेर येते, हेही तितकंच बारकाईने पाहिलं.

आधी कोणते दिवे लागतात ते ठरवलं. समुद्रावरची टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे शिडावर चाललेल्या बोटीला बाजूचे दोन दिवे, पोर्टला (डावीकडे) लाल आणि स्टारबोर्डला (उजवीकडे) हिरवा, प्रत्येकी ११२.५ अंशांचे, आणि मागे १३५ अंशांचा पांढरा दिवा लागतो. बोट वीस मीटरपेक्षा लहान असेल तर हे तिन्ही एकाच तिरंगी दिव्यात आणून तो डोलकाठीच्या टोकावर लावता येतो. इंजिन सुरू करून गिअर टाकला की, शीड वर असलं तरी, रात्री ती यांत्रिक बोट धरली जाते. मग तिरंगी बंद करून खालचे दिवे, म्हणजे डेकजवळचे बाजूचे आणि मागचा, लावायचे आणि डोलकाठीवर पुढे दिसणारा २२५ अंशांचा पांढरा स्टीमिंग लाइटही लावायचा. नांगरल्यावर चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा. तिरंगी आणि खालचे दिवे एकाच वेळी लावलेल्या बोटी मी पाहिल्या आहेत. समोरच्याला त्यातून एक बोट की दोन, हेच कळत नाही. हे टाळायला पॅनेलवर सुट्या स्विचांऐवजी चार खुणांचा एकच फिरता स्विच बसवला: शीड (तिरंगी), शीड (खालचे दिवे), इंजिन, नांगर. चुकीची जोडी लावायची सोयच ठेवली नाही.

तिरंगी उंचावर असल्याने लाटांच्या वर राहतो आणि शिडामागे लपत नाही. खालचा दिवा मात्र वाऱ्याखालच्या (वारा जिकडे वाहतो त्या) बाजूला जेनोआ या पुढच्या मोठ्या शिडामागे सहज झाकला जातो. बंदराच्या आत, जिथे मचवे आणि छोट्या होड्या अगदी जवळून जातात, तिथे मी शिडावर असतानाही खालचेच लावतो. माथ्यावरचा दिवा जवळच्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. त्यामुळे दोन्ही संच हवेत.

आता अंतर. बारा मीटरखालच्या बोटीच्या बाजूच्या दिव्यांना नियम एक सागरी मैलच मागतो, मागच्याला दोन. एक मैलासाठी किमान ०.९ कँडेला (दिव्याच्या तेजाचं माप) पुरतात, दोन मैलांसाठी ४.३ लागतात, म्हणजे जवळजवळ पाचपट. मी सगळे दोन मैलांचेच घेतले. पंधरा नॉट (तासाला पंधरा सागरी मैल) वेगाने येणारं जहाज एक मैल चार मिनिटांत कापतं. जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर जहाजांच्या वाटेजवळ, मागे शहराच्या दिव्यांची झालर असताना, एक मैल फार कमी आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी एका आकड्यावर घालवला, आणि तो खोक्यावर क्वचितच छापलेला असतो: उजेड वर-खाली किती अंश पसरतो. यांत्रिक बोटीच्या दिव्याला पूर्ण तेज क्षितिजाच्या पाच अंश वर आणि पाच अंश खाली एवढंच लागतं, आणि साडेसात अंशांपर्यंत ६० टक्के. शिडाच्या बोटीसाठी मात्र नियम २५ अंश वर आणि २५ अंश खाली किमान ५० टक्के तेज मागतात. कारण उघड आहे. बोट वीस अंश कलली की मोटरबोटीसाठी बनवलेल्या दिव्याचा वाऱ्याखालचा रंग पाण्यात पडतो आणि वाऱ्याकडचा आकाशात जातो. दिवा लागलेला असतो, पण समोरच्या जहाजाला दिसत नाही. म्हणून माहितीपत्रकात 'शिडाच्या बोटींसाठी' असा स्पष्ट उल्लेख आणि प्रमाणपत्राचा शिक्का आहे का ते पाहिलं: युरोपातल्या दिव्यांवर चाकाची खूण असते, अमेरिकेतल्यांवर तटरक्षक दलाच्या मान्यतेचा मजकूर आणि मैलांचा आकडा. हेला मरीन, अॅक्वा सिग्नल, लोपोलाइट या कंपन्यांची पत्रकं शेजारी ठेवून वाचली की फरक कळतो. ज्या दिव्यावर नुसतं 'सुपर ब्राइट' लिहिलंय आणि कोनाचा पत्ता नाही, तो मी बाजूला ठेवला.

जुन्या दिव्यात एलईडी बल्ब घालून काम भागवायचा सल्ला खूप मिळतो. मी तो मानला नाही. दिव्याला मान्यता ठरावीक बल्बसह मिळालेली असते. आतली उभी, बारीक फिलामेंट जिथे असते त्यावरून रंगांच्या सीमा ठरतात. तिथे चहूकडे चिप्स असलेला जाड बल्ब बसला की लाल-हिरव्याची सीमा पसरते आणि नाळेसमोर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकासमोर, दोन्ही रंग एकत्र दिसतात. शिवाय थंड पांढऱ्या एलईडीत लाल उजेड मुळात कमी असतो, त्यामुळे लाल काचेतून तो फिका पडतो.

पाण्याबद्दल. धूळ-पाणी किती अडतं हे आयपी आकडा सांगतो. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. आयपी ६६ म्हणजे जोरदार फवारा. ६७ मोठा म्हणून त्यात ६६ आपोआप येत नाही, या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. पुलपिटवर लाट थडकते तेव्हा फवारा आणि बुडणं दोन्ही होतं, म्हणून तिथे दोन्ही आकडे लिहिलेला दिवा घेतला. पण खरा शत्रू तापमान आहे. दिवा तापतो, आतली हवा फुगून बाहेर जाते, वरून गार पाणी पडलं की तीच हवा आकसते आणि रबराच्या कडेतून ओल आत ओढते. उघडता येणारं झाकण, रबरी गॅस्केट आणि स्प्रिंगचे संपर्क असलेले दिवे असेच मरतात. म्हणून आत पूर्ण राळ भरलेला, न उघडणारा, बाहेर निदान अर्धा मीटर तार आलेला एलईडी दिवा निवडला. दुरुस्त होत नाही हे खरं, पण दुरुस्तीची वेळही सहसा येत नाही.

बसवण्याआधी प्रत्येक दिव्याची घरीच परीक्षा घेतली. तासभर पेटता ठेवला, मग तसाच गार मिठाच्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास. तारेचं टोक पाण्याबाहेर. नंतर पुसून रात्रभर ठेवला आणि सकाळी आतून धुकं धरलंय का ते पाहिलं. चारांपैकी एकात काचेच्या तळाशी बारीक दव दिसलं, तो दुकानात परत केला.

वायरिंगचा हिशेब: डोलकाठी १२ मीटर, तिथून पॅनेलपर्यंत ६ मीटर, जाऊन-येऊन ३६ मीटर. जुना २५ वॅटचा तिरंगी १२ व्होल्टवर सुमारे २.१ अँपिअर घ्यायचा. १.५ चौरस मिलिमीटर तारेत त्याचे जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जात, म्हणजे सात टक्के, आणि फिलामेंटचा उजेड तेवढ्याने जवळपास पाव कमी होतो. ३ वॅटचा एलईडी पाव अँपिअर घेतो, त्याच तारेत घट एक टक्क्याच्या आत. अकरा तासांच्या रात्रीला २३ अँपिअर-तासांच्या जागी पावणेतीन. एवढ्या कमी करंटला बारीक तारही चालली असती, पण डोलकाठीत ती हेलकावे खाते, म्हणून मजबुतीसाठी १.५ चौरस मिलिमीटरच ठेवली, कल्हई केलेल्या तांब्याची.

जोड असे केले. आठ मिलिमीटर आवरण काढायचं, रॅचेट पकडीने क्रिंप करायचं (धातूची नळी दाबून तारा जोडायच्या), हाताने जोर लावून ओढून पाहायचं. सोल्डर नाही, कारण तो धाग्यांत चढून तार ताठ करतो आणि कंपनाने ती नेमकी तिथेच तुटते. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी), दोन्ही टोकांतून गोंदाचा मणी बाहेर येईपर्यंत तापवलेली, आणि त्यावर दुसरी, लांब. केबलमधल्या तारांचे जोड तीन-तीन सेंटिमीटर मागेपुढे. माथ्यावर केबलला आधी क्लँप दिला, नाहीतर बारा मीटर केबलचं दीड किलोच्या आसपास वजन दिव्याच्या नाजूक तारेवर लटकतं. दिव्यात शिरण्याआधी तारेला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. डोलकाठीच्या बुडाशी डेकवरचा प्लग काढूनच टाकला. केबल हंसाच्या मानेसारख्या वळलेल्या नळीतून केबिनमध्ये नेली आणि जोड आत, कोरड्यात केला.

सीलंट घेताना वास घेतला. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि तांबं खातं, त्यामुळे न्यूट्रल सिलिकॉनच हवं. दिव्याची काच पॉलीकार्बोनेट या प्लास्टिकची असते, तिला थिनर किंवा अॅसिटोन लावलं की बारीक तडे जातात. साबण-पाणी पुरे. स्टीलचे ३१६ दर्जाचे स्क्रू अॅल्युमिनियमच्या डोलकाठीत बसवताना मध्ये इन्सुलेट करणारी पेस्ट लावली.

बाजूचे लाल आणि हिरवा एकत्र असलेला दुरंगी दिवा पुलपिटवर बसवून संध्याकाळी सीमा तपासली. नाळेच्या सरळ पुढे दहा मीटरवर उभं राहून आडवं चालायचं. नियमाप्रमाणे रंग आपल्या हद्दीबाहेर एक ते तीन अंशांत संपायला हवा, म्हणजे दहा मीटरवर मध्यरेषेपासून साधारण १७ ते ५२ सेंटिमीटर. पहिल्या वेळी लाल एक मीटरभर पलीकडे दिसला, कारण ब्रॅकेट तिरका होता. पातळ वॉशर घालून सरळ केला.

शेवटी रेडिओ. तिरंगी आणि व्हीएचएफचा (बोटीवरच्या रेडिओचा) अँटेना माथ्यावर हातभर अंतरावर असतात, आणि एलईडीच्या आतला स्वस्त ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारं सर्किट) रेडिओत खरखर सोडतो. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल सूचना काढली होती. तपासणी सोपी आहे: दिवे बंद, शांत चॅनेल लावायचं, स्क्वेल्च (नुसती खरखर दाबणारं बटण) खरखर येईपर्यंत उघडायचा आणि ती जेमतेम थांबेल एवढाच बंद करायचा. मग एकेक दिवा लावायचा. खरखर परत आली तर तो दिवा दोषी, आणि तो एआयएसच्या (जहाजं आपली जागा आणि ओळख रेडिओवरून कळवतात त्या यंत्रणेच्या) १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सिग्नलवरही पडदा टाकतो. माझा स्टीमिंग लाइट असा निघाला. दोन्ही तारांना पीळ देऊन फेराइटचं, म्हणजे रेडिओतला गोंगाट शोषणारं, कडं लावल्यावर आवाज खूप कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. तो बदलला, आणि नव्यावर हीच तपासणी डोलकाठी उभी करण्याआधी, जमिनीवरच केली.