कामगंध सापळा आणि सेरिन्याँचे मास्तर

पऱ्हाटीला पाती लागू लागल्या की वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात धुऱ्याधुऱ्यावर काठीला बांधलेले कामगंध सापळे दिसू लागतात. वर फनेल, फनेलच्या झाकणाखाली रबराची लहानशी ल्यूर, म्हणजे गंधाचे आमिष, आणि खाली लोंबणारी प्लॅस्टिकची लांब पिशवी. सकाळी पिशवीच्या तळाशी गुलाबी बोंडअळीचे करड्या रंगाचे, पंखांवर काळपट ठिपके असलेले नर पतंग साचलेले असतात. सापळ्यात मादी नसताना हे नर तिथे का येतात, या प्रश्नाचा माग काढत गेले तर वाट दक्षिण फ्रान्समधील सेरिन्याँ या खेड्यात राहिलेल्या एका शाळामास्तरांपाशी जाते. ज्याँ-आन्री फाब्र हे त्यांचे नाव. कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक घराला ते ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

फाब्र यांचा जन्म १८२३ साली एका गरीब घरात झाला आणि त्यांच्या लहानपणाचा काही काळ आजी-आजोबांच्या डोंगराळ शेतावर गेला. शिष्यवृत्तीवर शिकून ते शिक्षक झाले. आधी कार्पान्त्रा, मग कॉर्सिका बेट आणि नंतर आव्हिन्यों येथे त्यांनी अपुऱ्या पगारावर मोठे कुटुंब चालवले. आपल्याकडील मंजिष्ठेच्या जातीचे एक रोप त्या भागाचे नगदी पीक होते आणि त्याच्या मुळांपासून लाल रंग काढला जाई. हा रंग शुद्ध स्वरूपात काढण्याची रीत बसवून नोकरीच्या ओझ्यातून मोकळे व्हावे, म्हणून त्यांनी अनेक वर्षे खपून प्रयोग केले. रीत साधली, पण १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग, अलिझारिन, प्रयोगशाळेत तयार केला आणि मुळांचा बाजार बसला. एका पिकाच्या भावावर घराचा संसार टांगलेला असणे म्हणजे काय, हे विदर्भातील वाचकाला वेगळे सांगायला नको. पुढे मुलींना फुलांचे परागीभवन शिकवले म्हणून आव्हिन्योंतील सनातनी मंडळी खवळली आणि घरमालकिणींनी त्यांना घराबाहेर काढले. त्या वेळी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी दिलेल्या उसन्या पैशांवर ते निभावले. त्यानंतर ते शालेय पुस्तके लिहून जगले आणि १८७९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी सेरिन्याँला दगडगोट्यांची, काटेरी झुडपांची हेक्टरभर पडीक जमीन घेतली. ज्या जमिनीवर कोणी नांगर घालणार नाही, ती त्यांनी कीटकांसाठी राखली आणि १९१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तिथेच राहिले.

त्यांची कामाची पद्धत एका उदाहरणावरून चांगली समजते. आपल्या मातीच्या भिंतींवर कुंभारीण माशी चिखलाचे घर बांधते, त्यात अळी आणून ठेवते आणि काही दिवसांनी त्यातून नवी कुंभारीण बाहेर पडते. यावरूनच भृंगाचा ध्यास घेऊन कीटक स्वतः भृंग होतो, हा दृष्टान्त आपल्या संतवाङ्मयात आला. युरोपातही या जातीच्या माश्यांविषयी एक कोडे होते, कारण बिळात साठवलेले भक्ष्य कित्येक आठवडे ताजे राहत असे. लेओं द्युफूर या नामवंत अभ्यासकाचे मत होते की माशी भक्ष्य मारून त्यात ते टिकवणारा एखादा द्रव भरते. फाब्र यांनी तासन्‌तास उन्हात पडून माश्यांची शिकार पाहिली, बिळातील किडे उकरून तपासले आणि १८५५ मध्ये दाखवून दिले की ते किडे मेलेले नसतातच. माशीची नांगी नेमकी चेतातंतूंच्या गाठीत शिरते, त्यामुळे भक्ष्य लुळे पडते पण जिवंत राहते, आणि अंड्यातून निघालेली माशीची अळी ते ताजे अन्न खाऊन वाढते. डार्विन यांनी आपल्या ग्रंथात या निरीक्षकाचा गौरवाने उल्लेख केला. फाब्र यांना मात्र उत्क्रांतिवाद कधीच पटला नाही. तरीही दोघांत पत्रव्यवहार होता आणि डार्विन यांनी सुचवलेले प्रयोग फाब्र यांनी प्रामाणिकपणे करून पाहिले. मतभेदाची ही रीत मला फार मोलाची वाटते.

आता पतंगांकडे येतो. मे महिन्याच्या एका सकाळी त्यांच्या टेबलावरील कोषातून मोर-पतंगाची मादी बाहेर आली आणि त्यांनी ती जाळीच्या झाकणाखाली ठेवली. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर तसरच्या अळ्या पाळल्या जातात, त्या तसर पतंगाच्या कुळातलाच हा पतंग. दोघांचेही पंख विताएवढे पसरतात, नराच्या मिशा पिसासारख्या असतात आणि कोषातून निघाल्यावर काही न खाता तो थोडेच दिवस जगतो. त्या रात्री नऊच्या सुमारास घरभर पाखरांएवढे पतंग भिरभिरू लागले. मेणबत्ती घेऊन पाहिले तेव्हा सुमारे चाळीस नर त्या एका मादीसाठी आलेले होते. आठ रात्रींत ही संख्या दीडशेवर गेली, आणि तेही त्या परिसरात हा पतंग दुर्मिळ असताना.

फाब्र यांनी मादीला काच, पत्रा आणि लाकूड यांच्या घट्ट बंद डब्यांत ठेवून पाहिले, तेव्हा एकही नर आला नाही. भांड्याच्या तोंडावर कापसाचा थर दिला तरी वाट अडली. मात्र डब्याला फट राहिली की नर हजर. खोलीत नॅप्थलीनचा (डांबरगोळीचा) उग्र वास भरला तरी ते चुकले नाहीत, त्यामुळे हा गंधच आहे का, अशी शंका त्यांना बराच काळ छळत राहिली. निकाल दुसऱ्या एका जातीच्या पतंगाने लावला. मादी काचेखाली अगदी डोळ्यांसमोर असताना नर तिला ओलांडून, ती आधी ज्या डहाळीवर बसली होती त्या डहाळीला जाऊन बिलगले. मादीच्या अंगातून झिरपणारे काहीतरी वस्तूंत मुरते आणि नर त्याच्यामागे येतात, हे त्यातून सिद्ध झाले.

ते ‘काहीतरी’ हाती यायला अर्धे शतक लागले. १९५९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी रेशीम पतंगाच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून असे पहिले रसायन वेगळे केले, आणि १९७३ मध्ये गुलाबी बोंडअळीचे कामगंध रसायन ओळखले गेले. आपल्या ल्यूरमध्ये तेच असते. प्रत्येक सापळ्यात रोज सरासरी आठ पतंग सलग तीन दिवस सापडले तर उपाय करण्याची वेळ आली, असा दंडक आहे. आमच्या भागात मात्र सापळा लावला जातो आणि पिशवीतले पतंग मोजले जात नाहीत. औषध दुकानदार सांगेल त्या दिवशी फवारले जाते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, ते आम्ही जवळून पाहिले आहे. रोज सकाळी सापळ्यापाशी थांबून पतंग मोजले तर निदान अनावश्यक फवारणी टळेल, हे मी भेटेल त्याला सांगत असतो.

पक्ष्यांशी फाब्र यांचे नाते लहानपणीच जडले. डोंगर चढताना खडकाखाली त्यांना सुंदर निळ्या अंड्यांचे घरटे सापडले. त्यातले एक अंडे उचलून ते निघाले असता वाटेत भेटलेल्या पाद्रीबाबांनी त्यांना पक्ष्याचे शास्त्रीय नाव सांगितले आणि उरलेल्या अंड्यांना हात न लावण्याचे वचन घेतले. प्रत्येक जिवाला स्वतःचे नाव असते आणि घरटे लुटणे वाईट, या दोन गोष्टी त्या दिवशी मनात रुजल्या, असे त्यांनी पुढे लिहिले. त्या पक्ष्याच्या नात्यातला गप्पीदास हिवाळ्यात आपल्या तुरीच्या शेंड्यावर बसलेला दिसतो, पण गलोल घेऊन हिंडणाऱ्या पोरांना त्याचे नाव कोणी सांगितलेले नसते. म्हणून जिल्हा परिषद शाळेतील माझ्या वर्गाला मी यंदा पक्षीथांब्यांचे, म्हणजे किडे टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला वावरात रोवलेल्या काठ्यांचे, काम दिले आहे. शाळेशेजारच्या वावरात उभ्या केलेल्या थांब्यांवर कोणता पक्षी येतो आणि काय टिपतो, याची मुले नोंद ठेवतात. आतापर्यंत कोतवाल सर्वांच्या पुढे आहे. तो थांब्यावरून झेप घेऊन उडता किडा हवेतच पकडतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो. साळुंक्या मात्र थांब्याकडे फिरकतही नाहीत. त्या डवऱ्यामागे चालत, उकरलेल्या मातीतून अळ्या वेचतात.