विकिपीडियावरचं नाव बदलून घेताना

मराठी विकिपीडियावर मी खऱ्या नावाने लिहायचो. अंबाजोगाई, धारूरचा किल्ला, आपल्याकडच्या बारवा हे माझे विषय. एका स्थानिक पुढाऱ्याच्या लेखातली बिनसंदर्भाची स्तुती मी काढली आणि लगेच त्या लेखाच्या चर्चा पानावर कुणीतरी माझा मोबाइल नंबर आणि गल्लीचं नाव टाकलं. फोन सुरू झाले. एक आईने उचलला, ती दोन दिवस नीट जेवली नाही.

आधी तो मजकूर हटवायचा होता. नुसता पुसून भागत नाही, 'इतिहास' उघडला की जुनी आवृत्ती जशीच्या तशी दिसते. प्रचालकाने, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या सदस्याने, ती लपवली, तरी बाकीच्या प्रचालकांना दिसतेच. त्यांच्याही नजरेआड करण्याचा अधिकार मोजक्या लोकांकडे असतो, त्यांना ईमेल करावा लागतो. ही मागणी चर्चा पानावर मुळीच करू नका; ज्यांनी नंबर पाहिला नाही तेही शोधत येतात.

मग सदस्यनाव बदलायचा अर्ज केला. नवं नाव आणि कारण, एवढंच लिहायचं. मंजुरीनंतर सगळी जुनी संपादनं आपोआप नव्या नावावर गेली. चर्चांखालच्या सह्या मात्र जुन्याच राहिल्या, आणि कोणत्या नावाचं कोणतं नाव झालं ही नोंदही कुणालाही बघता येते. पूर्ण सुटायचं तर जुनं खातं सोडून नव्याने सुरुवात करावी लागते. ते मला नको होतं.

कारण ती स्तुती कुठून आली हे मला त्याच इतिहासाने दाखवलं होतं: एकच नवं खातं, एकच लेख, दुसरीकडे एक ओळ नाही. हे उघड असलंच पाहिजे. पण त्या खात्यामागचा माणूस कुठे राहतो, हे मला कशाला हवं? २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने विकिपीडियावर भरलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने संपादकांची माहिती द्यायला सांगितली, तेव्हा माझ्यासारखे कितीतरी जण धास्तावले असतील.

शेवटी राहिले कॉमन्सवरचे, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक फोटो-भांडारातले, माझे फोटो. मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश दडलेले असतात. बारवेचे हवेतच, अंगणातल्या गोकर्णीच्या फुलासोबत मात्र माझ्या घराचे गेले होते. ते काढून फाइल पुन्हा चढवली, पण जुनी फाइलही इतिहासात राहते. ती लपवण्याची विनंती केली आहे, अजून उत्तर आलेलं नाही.